वैनीची जांभळी बटाटी

बटाटा चिरायच्या आधी वैनी त्याच्या सालीवर नखानं ओरखडा काढायची आणि तो नाकाशी धरायची. मग डोळे मिटून म्हणायची, "आमच्या तिकडं आता गार असंल." समोर जो असेल त्याच्याही नाकाशी धरायची. आम्हाला मातीचा आणि कच्च्या बटाट्याचा वास यायचा, दुसरं काही नाही. पण तिचा चेहरा बघून आम्ही मान हलवायचो.

ती उत्तरेकडच्या डोंगरातली. आमच्या शेजारचे हवालदार अण्णा तिकडं पलटणीत होते. तिथंच लग्न करून ते तिला सांबऱ्याजवळच्या आमच्या गावात घेऊन आले. सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्याच वर्षी मीही निपाणीहून लग्न होऊन या गल्लीत आले. नात्यानं ती वैनी, पण वयानं बरोबरीची, म्हणून आमचं अगं-तुगं. दोघी नव्या, दोघी रडक्या. पण मला पंचमीला भाऊ न्यायला यायचा, आणि एसटीनं दुपारपर्यंत मी आईजवळ असायची. तिचं माहेर किती लांब हे तिला नीट सांगताही यायचं नाही. "रेल, मग मोटार, मग चालायचं. लई चालायचं," एवढंच म्हणायची.

निघताना तिच्या आईनं पदरात बटाटे बांधून दिले होते. एक आतबाहेर वांग्यासारखा जांभळा, एक बोटासारखा लांब आणि लाल, एक आल्यागत गाठीगाठींचा. आमचा भाग बटाट्याचाच, पण आम्ही लावायचो ते दलालाकडून आलेलं पांढरं बी. तिचे बटाटे बघून गल्ली हसली. बाजारात गिऱ्हाईक म्हणालं, नासलेत. तिच्या सासूनं काळं अन्न म्हणून ताट सरकवलं. अण्णांनी मात्र विहिरीजवळची एक पट्टी तिला काढून दिली.

वैनीच्या मराठीत बटाटा बाईमाणूस होता. "माझी बटाटी आली, बघ तरी," असं म्हणत ती काढणीच्या दिवसांत ओच्यातून घेऊन यायची. सुरुवातीला आम्ही तिचं बोलणं सुधारायला गेलो. पुढं आम्हीच 'बटाटी' म्हणायला लागलो.

ताट सरकवणारी सासू काही वर्षांनी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. तेव्हा वैनी तीच जांभळी बटाटी मऊ कुसकरून तिला भरवायची. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेईना. त्यामुळं वैनीचं माहेरी जाणं या वर्षी नाही, पुढच्या वर्षी, असं राहत गेलं. वर्षा-दोन वर्षांनी भावाचं कार्ड यायचं. सगळं ठीक आहे, एवढाच मजकूर.

बटाट्याचं बी धान्यासारखं कणगीत ठेवून चालत नाही, वर्षाच्या वर्षाला मातीत घालावंच लागतं. आणि आमच्या हवेत घरचं बी उतरत जातं, हे तुम्ही शेतातले असाल तर सांगायला नको. तिच्या झाडांची पानं मुरडायला लागली. मुठीएवढी बटाटी लिंबाएवढी झाली. मग बोटासारखी लाल संपली, मग गाठींची. शेवटी जांभळी तेवढी राहिली, तीही सुपारीएवढी. ती हातावर घेऊन वैनी बराच वेळ बघत बसायची. "माझ्यावानी झाली. हितलं पाणी तिला सोसंना," म्हणायची. अण्णा समजूत घालायचे की एकदा जाऊन ताजं बी आणू.

ऐंशीच्या पुढं कधीतरी सासू गेली. दिवसकार्य आटोपलं आणि अण्णांनी रेल्वेची तिकिटं काढली. वैनी इतकी आनंदलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं पट्टी पूर्ण खणून काढली, सगळी बटाटी मिठात उकडली, तीळ आणि लाल मिरची वाटली आणि गल्लीला जेवायला बोलावलं. मूठभर बियाला ठेव, असं अण्णा म्हणाले होते. आई पोतंभर देईल, असं म्हणून ती हसली. आम्ही सालीसकट खाल्ली. एक तर तिनं स्वतः सोलून माझ्या तोंडात घातली.

महिन्याभरानं दोघं परत आली. मी धावत गेले. रिकामं पोतं घडी घालून तिच्या काखेत होतं.

"आई न्हाय गं," ती म्हणाली. "दोन हिवाळं झालं. एवढ्या लांबनं येणार कशी, म्हणून भावानं कळवलं न्हाय."

मी तिला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. तिनं ते हातातच धरून ठेवलं.

"शेतात सगळी पांढरी बटाटी. जुनं आता कोण लावतंय, म्हणाला. साऱ्या गावात हिंडले. एकाकडंबी न्हाय." मग माझ्याकडं बघून ती अगदी हळू म्हणाली, "माझ्याकडंच होती गं शेवटची. मीच शिजवली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडत होते ते अण्णा, दाराकडं तोंड करून.

त्यानंतर ती रोज त्या पट्टीत बसून बोटांनी माती उकरायची. एखादी चुकून खाली राहिली असेल, ही आशा. अण्णाही समोर बसून उकरायचे. मीही जायची. पावसाळ्यात दोन कोंब आले, तेव्हा तिनं भोवती काट्या लावल्या. खाली निघाले ते पांढरे, शेजारच्या वावरातले. तिनं ते धुऊन आमटीत टाकले. पुढं चार-पाच वर्षांत ती खंगत गेली. डॉक्टरांनी नावं पुष्कळ सांगितली, पण आम्हा बायकांना दुखणं ठाऊक होतं. एका सुगीत ती गेली.

अण्णांनी बाकीचं शेत वाट्यानं दिलं, पण विहिरीजवळची पट्टी नांगरू दिली नाही. पावसात तिथं गवत माजलं, की ते गुडघ्यावर बसून एकेक ठोंब हातानं उपटायचे. मुळं उलटी करून बघायचे, माती झटकायचे, आणि मगच गवत बांधावर टाकायचे.