शनवारकाका आणि रूबीमावशीची गिटार

शनवारकाकांच्या घरी शनिवारी काही बिघडलं, तर ते दिवसभर बिघडलेलंच राहायचं. खिडकीची कडी निसटली तर खिडकी वाऱ्यावर आपटत राहायची, आणि काका खुर्चीत बसून तिच्याकडे असे बघायचे, जणू कुणी पाहुणा आलाय आणि त्याला बोलू द्यायचंय. एका शनिवारी त्यांच्या मोरीतला नळ सकाळपासून गळत होता. खाली आम्ही राहत होतो. दुपारपर्यंत आमच्या छताला ओल आली. वडील तणतणत वर गेले आणि पाच मिनिटांत मुकाट खाली आले. "काय म्हणाले?" आईनं विचारलं. "बादली लावलीय म्हणाले. आकाशात तारे दिसले की लगेच पान्हा घेतो म्हणाले." यावर भांडायचं कसं, हे वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

पनवेलच्या जुन्या भागातली आमची तीन मजली इमारत. काका बेने इस्रायल. म्हणजे आमच्यासारखंच मराठी बोलणारे, पापलेटाच्या कालवणावर जीव टाकणारे, आपल्या प्रार्थनेच्या जागेला जुन्या सवयीनं 'मशीद' म्हणणारे यहुदी. नोकरी न्हावा शेव्याला, एका मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेबाची. शुक्रवारी दिवस मावळला की कामातून हात काढायचा तो शनिवारी अंधार पडेपर्यंत. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण इमारतीत ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा 'शनवारकाका कुठं राहतात' असंच विचारायचा.

गिटारही शनिवारी बंद. मी एकदा विचारलं होतं, "काका, गाणं म्हणजे काय काम आहे का? देवाला राग यायचं काय कारण?"

"वाजवल्याचा राग नाही रे. वाजवताना तार तुटली, की हात आपोआप जोडायला जातो. आणि जोडणं हे काम. म्हणून आधीच हात लावायचा नाही." मग स्वतःच हसले. "आमच्या जुन्या लोकांना माणसाचा हात चांगला ठाऊक होता. तुटलेलं दिसलं की हा गप्प बसत नाही. त्याला आठवड्यातून एक दिवस शिकवावं लागतं."

त्यांच्याकडे मी वर्षभर गिटार शिकलो. शिकलो म्हणजे रविवारी वर जाऊन बसलो आणि त्यांच्या बायकोनं, रूबीमावशीनं केलेल्या करंज्या खाल्ल्या. शेवटी काकांनी माझ्या आईला सांगितलं, "वहिनी, याच्यात ताल आहे. पण कुठं ठेवलाय, ते त्याला सापडत नाही." आईनं हे कौतुक समजून दोन-तीन लग्नांत पाहुण्यांना सांगितलं. आजही घरात मी एखादी गोष्ट रंगवून सांगायला लागलो आणि पानातला भात गार झाला, की बायको म्हणते, "ताल सापडला नाही वाटतं अजून."

खरं तर गिटार काकांची नव्हेच. ती रूबीमावशीची. मावशी शाळेत संगीत शिकवायच्या आणि त्यांच्या समाजात कीर्तन करायच्या. त्यांच्या धर्मातल्या राजांच्या आणि संदेष्ट्यांच्या गोष्टी, पण अस्सल मराठीत, साकी-दिंडीच्या चालींवर. पेटीऐवजी गिटार, एवढाच काय तो फरक. वर्षानुवर्षं त्यांचा उजवा हात जिथं टेकायचा, तिथलं गिटारीच्या वरच्या फळीचं पॉलिश उडून आत पांढुरकं लाकूड दिसायचं, तळहाताएवढं. मावशी गेल्या. त्यानंतर गिटार वाजवताना काका आपला हात त्या जागेवर टेकवत नसत. जरा वर, अवघडून धरत. तशानं खांदा दुखायचा. पण दुखू द्यायचे.

दर वर्षी मावशींच्या आठवणीच्या दिवशी वर मलिदा व्हायचा. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वेलचीचा वास, वर फळं. आणि त्या दिवशी काका मावशींच्या कीर्तनातलं एक पद वाजवायचे. आई नेहमी दाराजवळ बसायची. तिला पदाचा अर्थ निम्मा कळायचा, पण डोळे पूर्ण भरायचे.

पुढे काकांचा मुलगा तिकडून, इस्रायलमधल्या अशदोदहून, सारखा बोलवत होता. कायमचे या म्हणत होता. "आधी बघून तर येतो," म्हणून काका हिवाळ्यात काही महिन्यांसाठी गेले. जाताना गिटार आईच्या हवाली केली. म्हणाले, "वहिनी, एकच करा. हिला दमट लागू देऊ नका. बाकी तिचं काही मागणं नाही."

आईनं हे किती मनावर घ्यावं! कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या, दार रोज उघडून हात आत घालून बघितलं. आणि मे महिना आला. मे महिन्यात आमच्या गच्चीवर जे असतं ते सगळं होतं: कुरडया, मिरच्या, गाद्या, उशा. पावसाळ्याआधी घरातल्या प्रत्येक वस्तूला एकदा कडक ऊन लागलं पाहिजे, यावर आईची देवाइतकीच श्रद्धा. तिनं गिटार पेटीतून काढली, स्वतःच्या मऊ जुन्या लुगड्यावर गच्चीतल्या बाजेवर निजवली, आणि वर कावळ्यांपासून राखण म्हणून छत्रीची काळी कापडपट्टी बांधली. दुपारी दोनच्या उन्हात दमट काय, काहीच शिल्लक राहत नाही. ती कुरडया उलटायला गेली, तेव्हा ताडकन आवाज आला. तारा जिच्यावर बसतात ती घोडी उखडून आली होती आणि वरची फळी फुगून, त्या पांढुरक्या जागेच्या मधोमध, उभी चिरली होती.

आई त्या दिवशी जेवली नाही. फोनवर सांगू म्हटलं, तर म्हणाली, "नको. परक्या मुलखात आहेत. आल्यावर मी सांगेन. मीच."

काका आले ते एका शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गिटार घेऊन वर निघाली. मी म्हटलं, "अगं, आज शनिवार."

"म्हणूनच. तेच म्हणतात ना, शनिवारी घरात विस्तव पेटवायचा नाही, रागसुद्धा त्यातच आला. मग आजच सांगते."

मी मागोमाग गेलो. आईनं टेबलावर गिटार ठेवली, लुगडं बाजूला केलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. काका बघत राहिले.

"भाऊजी, बोला काहीतरी."

"आज काही नाही, वहिनी. आज फक्त बघायचं."

संध्याकाळी तारे आले. मी गॅलरीतून पाहिले. वर पान्ह्याचा, हातोडीचा, कसलाच आवाज आला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. गिटार टेबलावर तशीच, आणि काका शेजारी. त्यांचा शनिवार संपेचना.

आईनं वर जाणं सोडलं. वालाचं बिरडं झालं की पहिली वाटी वर जायची, तीही थांबली. ती मला पाठवायची: "विचार, दुरुस्तीला कधी नेताय? नाहीतर आपण नवी घेऊन देऊ म्हणावं." मी हा निरोप अर्थातच जसाच्या तसा दिला. काका म्हणाले, "तू एक चांगला पोस्टमन झाला असतास. पत्र फाटलेलं असलं तरी टाकून गेला असतास."

शेवटी मीच गाडी काढून त्यांना एका कारागिराकडे नेलं. गिटार मागच्या सीटवर, पट्टा लावून. कारागीर म्हातारा, कोकणी मुसलमान. त्यानं आत टॉर्च मारली, बोटानं टकटक करून बघितली. "साहेब, ही फळी गेली. नवीन टाकली तर जिंदगीभर काळजी नाय. जुनीच ठेवायची म्हणाल, तर भिंतीवर लटकवा. तार चढवली की परत फाटणार, माझी जबाबदारी नाय."

काकांनी त्या उडालेल्या पॉलिशच्या जागेवर पहिल्यांदाच पूर्ण तळहात ठेवला. मग म्हणाले, "विचार करतो." आणि आम्ही गिटारीला परत पट्टा लावून घरी निघालो.

वाटेत म्हणाले, "फळी काढली की रूबीचा हात गेला. नाही काढली तर रूबीचं गाणं गेलं. तूच सांग, कुठलं ठेवू?"

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "काका, फळीचा चांगला मोठा फोटो काढून घेऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू अगदी आहेस तसाच राहिलास रे," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढे काही दिवसांनी सकाळी मी कामाला निघालो होतो. आई बाजारातून आलेली, हातात पिशवी. काका वरून जिना उतरत होते. आईनं त्यांना बघितलं आणि "अगंबाई, किल्ली राहिली" असं मोठ्यानं म्हणत उलटी फिरली. कुठं राहिली, ते तिलाही माहीत नव्हतं.

"वहिनी," काका कठड्याला धरून म्हणाले, "किल्ली तुमच्या कमरेला आहे."

आई पायरीवर बसली. पिशवीतली कोथिंबीर बाहेर आली. "भाऊजी, एकदा ओरडा हो माझ्यावर. तुम्ही गप्प बसता, त्याची मला भीती वाटते. गिटार मोडली ती मोडलीच, पण मी या जिन्यानं जायचं कसं?"

काका दोन पायऱ्या वर, तिथंच बसले. "दमटाचं सांगितलं मी. उन्हाचं बोललोच नाही. तुम्ही सांगितलेलं केलंत." मग हळू म्हणाले, "रूबी गेली, ते मला जोडता येत नाही. पण तुम्ही मला बघून मागे फिरता, हे येतं." आणि माझ्याकडे वळून: "आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग चालेल. गाडी काढ."

नवी फळी बसायला पावसाळ्याचे काही आठवडे गेले. कारागिरानं जुनी फळी काकांच्या हातात दिली. ती टाकायची कशी? त्यांच्यात प्रार्थनेची जीर्ण पुस्तकं फेकत नाहीत, दफनभूमीत पुरतात. मुलानं फोनवर म्हटलं, "पप्पा, ही काय पोथी आहे?" काका म्हणाले, "तिच्या हाताखाली इतकी वर्षं पोथीच गायली गेली ना?" आम्ही दोघं गेलो. मावशींच्या कबरीशेजारी मी खड्डा खणला; इतका वाकडा, की काकांनी फावडं काढून घेतलं आणि स्वतः नीट केला. फळी ठेवली. माती लोटली. कबरीवर त्यांनी एक खडा ठेवला, मला एक दिला. मीही ठेवला. त्या वेळी मला काही बोलायला सुचलं नाही, ते बरं झालं.

त्या वर्षीच्या मलिद्याला आई दाराजवळ नाही, आत, खुर्चीजवळ बसली. काकांनी पद वाजवलं. माझ्यासारख्या माणसालाही कळलं की हा आवाज तो नव्हे. कोऱ्या पातेल्यासारखा, मोठा, टणक. एका जागी ते थांबले, डोळे मिटून बसले, मग परत सुरुवातीपासून वाजवलं आणि शेवटपर्यंत नेलं. हात आता आरामात टेकला होता. चुकवायला काही उरलं नव्हतं.

"छान वाजते, भाऊजी," आई घाबरत म्हणाली.

"नाही वहिनी. नवी वाजते." त्यांनी पोह्यांची बशी तिच्यापुढे केली. "खोटं का बोलू? पण वाजते."

दुसऱ्या दिवशी बिरड्याची वाटी वर गेली.

पुढच्या वर्षी काका कायमचे निघाले. गुडघे गेले होते, जिना झेपत नव्हता. तिकडे ते फार दिवस जगले नाहीत. पण ते नंतरचं. निघायच्या सकाळी इमारतीतले सगळे खाली उतरले. सामान डिकीत गेलं, गिटार मात्र काकांनी मांडीवर घेतली. निरोपाचं जे बोलायचं असतं, ते सगळं कुणी ना कुणी बोलून झालं. आई गाडीच्या खिडकीशी आली. जिन्यावरच्या त्या बोलण्यानंतर तिनं गच्चीवरच्या त्या दुपारचं नाव कधी काढलं नव्हतं. कुणी काढलं तर उठून आत जायची.

तिनं गिटारीच्या पेटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "भाऊजी, तिकडे ऊन फार असतं म्हणे. उन्हात नका हं ठेवू हिला."

क्षणभर कुणाला कळेना, हसावं की नाही. आणि मग काका हसायला लागले. असे हसले, की पेटी मांडीवरून घसरायला लागली आणि आईला ती खिडकीतून धरावी लागली. तीही हसत होती, पदरानं डोळे पुसत. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, उशीर होतोय. पण तो थांबला.