नाला ओलांडून आलेले खांब

कोणी काही ठरवून आलं की मावशी पदर कमरेला खोचायची आणि विचारायची, "आमाले इचारलं का?" लग्नाची तारीख असो, नाही तर पंगतीतली भाजी. जावयानं मिशी काढली तेव्हाही तिनं हेच विचारलं, खरं सांगतो!

मावशी आमची शेजारीण. हिंगणीच्या अंगाला आमचं गाव, आणि आमची वस्ती नाल्यापलीकडे. गावात वीज येणार म्हटल्यावर मी तर वर्ध्याचं कॉलेज बुडवून आलतो! पण लाइनीच्या सायबानं सरपंचाच्या ओसरीवर चहा पिता पिताच ठरवून टाकलं: खांब नाल्यापर्यंतच. जिथं खांब रोवायचा तिथं चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या फुल्या मारल्या आणि गेला. सरपंचाच्या वाड्याभोवती तर फुल्याच फुल्या.

"आन् आमी? चिमणीच?" मावशीनं सरपंचाला गाठलं.

"मावशे, पुढच्या खेपेले पाहू."

"तोपर्यंत मी जित्ती राह्यली पायजे ना बापा!"

आता आमच्याकडे बाया रोज सकाळी दारात शेणाचा सडा घालतात. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायांचा सडा जरा लांबच गेला. फुल्या गायब! आणि आमच्या वस्तीत दारोदार रांगोळी. कसली? फुल्यांची! फक्कीनं काढलेली!

खड्डे खोदणारे बाहेरगावचे. फुली दिसली की खोद. सायेब आला तर खड्डे थेट मावशीच्या दारापर्यंत.

"हे कोणी केलं?" तो ओरडला.

"सडा घालणं गुन्हा हाय का सायेब? इचारून फुल्या मारल्या असत्या तं सांगतलं असतं."

"बुजवा खड्डे!" सरपंच तापले. मजूर जागचे हलेनात. शेवटी सायबानं जमलेल्या गावालाच विचारलं, "नाल्यापलीकडे खांब पाहिजेत का?"

पहिला हात सरपंचीणबाईंचा. लांबचा सडा त्यांचाच होता ना! मग भराभरा सगळे हात वर.

वर मावशीनं दारातला खड्डा नाकारला! "अथी मी पापड वाळू घालतो. वळणावर न्या, तथी पोरी अंधारात नाल्यात पडते."

मावशी गेल्या वर्षी गेली. दिवस बुडाला तरी तिची हिंगणघाटची लेक यायची होती. तिला नाल्यावरून आणायला कोणीतरी जुन्या सवयीनं कंदील आणून ठेवलेला. तेवढ्यात लेक वळणावरच्या खांबाखालून पळत येताना दिसली, लख्ख, तिचं रडणारं तोंडसुद्धा. सगळे तिच्याकडे धावले. कंदील पेटवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.