फ्लॉसीबायपासून लपवलेला पाय

मी रामनाथ, अर्नाळ्याचा. बोटीवर खलाशी होतो. बायको गेली, मग घर सुटलं. कसं सुटलं ते आता उगाळत बसत नाय. विरारला पुलाखाली झोपायचो.

बोळिंजला चर्चच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या बिनघराच्यांना दुपारी आसरा असतो. आंघोळीला पानी, धुतलेले कपडे, गरम जेवन. सगळा कारभार फ्लॉसीबायचा. काय बाई आहे! आवाज असा, की मासळीबाजारात उभी केली तर कोळनी गप्प बसतील. "मेल्या, केस विंचर, भूत दिसतोस!" हे रोज कोनाला तरी ऐकावं लागतं. वाढायला मात्र हात सैल, ताटात भात मावत नाय. तुझा देव कुठला, तुझी जात कुठली, असलं तिनं कधी विचारलं नाय. जेवनाआधी स्वतः डोळे मिटून प्रार्थना करते, तेवढंच.

तिची एक रीत. जेवनं झाली की टबात कोमट पानी घेऊन बसायची आनि एकेकाचे पाय धुवायची. जखम दिसली तर मलमपट्टी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते ना, म्हनून. सगळे पाय पुढं करायचे. मी नाय.

माझ्या डाव्या अंगठ्याला खिळा लागून चिघळलं होतं. त्यात साखरेची बिमारी. फडकं गुंडाळून वर बूट चढवायचो. वास यायला लागला तरी गप्प. अहो, फ्लॉसीबाय माझ्या आईच्या वयाची! आमच्यात थोरांच्या पाया पडतात. थोरांनीच आपल्या पायाला हात लावायचा? छे छे! ते पाप कुठं फेडू?

एक दिवस पाऊल टेकवेना. भिंत धरून आलो. तिनं लगेच हेरलं.

"बूट काढ."

"नको बाय, तुम्ही मोठ्या."

"मोठी आहे ना मी? मग पड माझ्या पाया!"

मी चक्रावलो. पन वाकलो, पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं बरं करो. आता मोठ्या मानसाचं ऐकायचं. बूट!"

काय करनार! काढला. फडकं सुटलं आनि फ्लॉसीबाय एकदम गप्प झाली. ती ओरडली असती तर चाललं असतं; गप्प झाली तशी माझी फाटली. जखम धुऊन तिनं मला तसंच रिक्षात कोंबलं नि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनाले, आनखी थांबला असतात तर गुडघ्यापासून कापावा लागला असता. अंगठा तेवढा गेला.

दुसऱ्या दिवशी ती पेज घेऊन वॉर्डात आली, खाटेशी स्टुलावर बसली. किती उपकार या बाईचे! चादर बाजूला सारली आनि सगळ्या वॉर्डादेखत तो पाय मीच उचलून हळूच तिच्या मांडीवर ठेवला.

"बघा बाय," म्हटलं, "हा तुम्ही राखलात."