गोराईच्या व्हरांड्यातल्या चपला

खरं सांगायचं तर त्या कादंबरीनं माझी झोपच उडवली होती. आमच्या बोरिवलीच्या चर्चमध्ये बायकांचं एक वाचक मंडळ आहे. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि मग चहाबरोबर त्यावरून मनसोक्त भांडायचं, एवढाच आमचा नियम. या खेपेला मंडळ चालवणाऱ्या शीलाताईंनी जगाच्या शेवटच्या काळावरची एक भाषांतरित कादंबरी निवडली. शीलाताई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांच्यापुढे नाही म्हणायची कुणाची टाप नाही. कादंबरीची सुरुवात अशी की, भर दुपारी एका साध्यासुध्या गावातून प्रभू आपल्या लोकांना एका क्षणात वर उचलून घेतो. चपला दारात तशाच, सदरा खुर्चीवर, कपातला चहा अजून गरम, आणि माणूस मात्र नाही. जे मागं उरतात त्यांची पुढं पुस्तकभर फरफट होते.

दुसऱ्या कुणी हे सगळं थरारक म्हणून वाचून सोडून दिलं असतं. पण माझं घर वेगळं. मी ख्रिस्ती, आजोबांपासूनची. माझा नवरा सुहास मालवणकडचा हिंदू, त्याचे वडील इथं गिरणीत होते. आमचं प्रेमलग्न. दहिसरच्या आमच्या घरात एका भिंतीवर क्रूस आहे, समोरच्या भिंतीवर गणपती आहे, आणि इतकी वर्षं दोघांचं आमच्यापेक्षा बरं जमत होतं. ते पुस्तक वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. प्रभू आला, मला घेऊन गेला, आणि हा मागं राहिला तर? भाजी चिरताना तेच, त्याचा डबा भरताना तेच. मी त्याच्या हात धुऊन मागं लागले. चर्चला चल, पास्टरशी बोल, माझ्यासाठी तरी बोल. तो आधी हसला, मग चिडला, मग गप्पच झाला. एका रविवारी चहा पिता पिता म्हणाला, "तुला स्वर्गात माझ्याशिवाय करमणार नाही, हे कळलं गं. पण आता इथं आहोत, तर इथं तरी राहा ना माझ्याबरोबर." त्यानंतर आमच्यात धड बोलणंच उरलं नाही. मी रोज गुडघे टेकायचे, रोज रडायचे. पण ती प्रार्थना कसली, नुसता हट्ट होता. मला देव हवा होता आणि हाही हवा होता, आणि त्या पुस्तकानं सांगितलं होतं की दोन्ही मिळणार नाहीत.

अशात शीलाताईंनी टूम काढली की या वेळची चर्चा गोराईला करू, ओळखीच्या एका बंगल्यावर, समुद्राच्या वाऱ्यात, घरच्यांना घेऊन. मला नुकताच ताप येऊन गेला होता, अंगात त्राण नव्हतं. तरी सुहास म्हणाला, "चल, तुला हवापालट होईल." सामानाच्या पिशव्या उचलून तोच पुढं निघाला. खाडी ओलांडताना होडीत तो माझ्या शेजारी बसला, पण बोलला होडीवाल्याशीच.

व्हरांड्यात सतरंजीवर सगळे बसले आणि एकेकीनं आपापलं मत सांगायला सुरुवात केली. बँकेत काम करणारी रूथ म्हणाली की पुस्तक एकदम झकास आहे, हातातून सुटत नाही, आणि तिनं त्यानंतर सासूशी समेटसुद्धा केला. कुणी म्हणालं, भीती दाखवून कुणाला देवाकडं नेता येतं का? शीलाताईंना भाषांतर कोरडं वाटलं होतं. मी माझं मत नंतरवर ढकललं, डोकं पुन्हा तापायला लागलं होतं. सुहास कडेला बसून पापलेटं साफ करत होता. शीलाताईंनी थट्टेनं विचारलं, "जावईबापू, तुमचं काय मत?" तर हा म्हणाला, "वाचलं मी. हिच्या उशाखाली असायचं, हिचा डोळा लागला की काढून वाचायचो. बाकी काही असो, एक गोष्ट नाही पटली. ज्यांना वर नेलं, त्यांच्यातल्या एकानंही मागं वळून बघितलं नाही. मी असतो तर बघितलं असतं." शीलाताई हसून म्हणाल्या, "अहो, बायबलात एका बाईनं असंच मागं बघितलं, तिचा मिठाचा खांब झाला!" हा म्हणतो कसा, "होऊ दे की. कालवणाला मीठ लागतंच." सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी गोळी घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन आडवी झाले.

जाग आली तेव्हा खोलीत पिवळट ऊन भरलं होतं. पडदा हलत होता, पण आवाज कसलाच नव्हता. भांड्यांचा नाही, पोरांचा नाही, आणि शीलाताईंचासुद्धा नाही, जे अशक्यच. मी भिंतीला धरून बाहेर आले. पाय जमिनीला टेकत होते की नाही, कळत नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला होत्या, जोड्याच्या जोड्या, जशा सकाळी काढल्या तशा. सतरंजीवर अर्धवट जेवलेली ताटं, एक उघडं पुस्तक, त्याची पानं वाऱ्यानं आपोआप उलटत होती. कपातल्या चहाला हात लावला तर कोमट. आणि खुर्चीच्या पाठीवर सुहासचा सदरा, त्याच्या खिशात चष्मा.

आज लिहिताना मलाच हसू येतं. पण तेव्हा क्षणभरही शंका आली नाही. झालं, ते झालं, आणि मी राहिले. रूथ गेली, शीलाताई गेल्या, पोरंटोरं गेली. आणि मग माझी नजर पुन्हा त्या सदऱ्यावर गेली. अगं बाई, यालाही नेलं! तुम्हाला काय सांगू, त्या क्षणी मला स्वतःची आठवणच राहिली नाही. पोटातून असा आनंद उसळला की मी त्या रिकाम्या व्हरांड्यात मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, तू याला घेतलंस. धन्यवाद. माझं काय ते तू बघ." एवढंच. किती महिने मुठीत आवळून धरलेलं काहीतरी सुटलं. उन्हात सगळं तरंगत होतं, सुरूची झाडं, चपला, मीसुद्धा. इतकी शांतता मला आयुष्यात कुठल्याच उपासनेत मिळाली नव्हती.

मग मात्र एकटेपण आलं आणि मी सदरा छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागले. तशीच अनवाणी गल्लीत आले. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई बसली होती. गळ्यात क्रूसाची जपमाळ, अंगावर लाल लुगडं, पुढ्यात सुकवलेले बोंबील. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "का गं रडते, पोरी?" मी म्हटलं, "सगळे गेले. मी मागं राहिले." "मी पण राहिलेय," ती म्हणाली, "माझे गुडघे चालत नाहीत. ये, बस इथं." तिनं तांब्यातलं पाणी दिलं, माझी पाठ चोळली. मी अडखळत विचारलं, प्रभू आला होता का? तिला नवल वाटलं नाही, हसूही आलं नाही. "तो यायचा तेव्हा येईल," ती म्हणाली, "तोवर पाणी पी. तुझी माणसं दर्यावर गेलीत. आमच्या नातवाची होडी लाटेनं आडवी झाली, भरती चढतेय. बिनसदऱ्याचा एक माणूस सगळ्यांना हाका मारून घेऊन गेला, ताटावरून उठवून. तो कोण तुझा?"

मी किनाऱ्यावर पोचले तेव्हा आमची अख्खी मंडळी गुडघाभर पाण्यात होती. शीलाताईंनी पदर खोचला होता, रूथ दोराला लोंबकळत होती, आणि सगळ्यांच्या पुढं बनियनमधला माझा नवरा, होडीला खांदा लावून मालवणीत ओरडत होता. सगळे त्याच्या आवाजावर जोर लावत होते. मी हाक मारली नाही, तेवढा आवाजच माझ्यात नव्हता. पण का कुणास ठाऊक, त्यानं मागं वळून बघितलं.

होडी तशीच सोडून तो माझ्याकडं धावत आला. मागून शीलाताई ओरडल्या, "अहो, सोडून कुठं चाललात!" त्याचा ओला, मासळीच्या वासाचा हात माझ्या कपाळावर आला. "ताप उतरला की गं," तो म्हणाला, "उठवणार होतो, पण इतकी छान झोपली होतीस. रडलीस का?" मी म्हटलं, "मला वाटलं तुला नेलं." "कुठं?" मी वर बोट दाखवलं. त्यानं वर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आणि तू?" "मी राहिले. पण मला आनंद झाला रे, तुला नेलं म्हणून." त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी ते असे दोनदाच पाहिलेत. मग त्यानं माझा हात धरून मला दोरापाशी नेलं आणि मीही तो धरला.

होडी वर आली. परतताना मी त्या ओट्यापाशी थांबले, पण म्हातारी आत जाऊन झोपली होती, दार लोटलेलं होतं. तिचा तांब्या ओट्यावर होता. तिला कुणी पाठवलं होतं का, ते मी विचारत बसत नाही. मला पाणी मिळालं, एवढं मला माहीत आहे.

पुढच्या बैठकीत शीलाताईंनी माझं राहिलेलं मत विचारलं. मी म्हटलं, "पुस्तकाचं पहिलं प्रकरण खरं आहे, मी तिथं जाऊन आलेय. पुढची फरफट मात्र माझ्या वाट्याला आली नाही." सुहासच्या मागं लागणं मी सोडलंय. त्याला मी त्या दुपारीच देवाच्या हाती देऊन टाकलं, आता तो त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न आहे, आणि ते दोघं माझ्यापेक्षा समजूतदार आहेत. आजही दुपारी डोळा लागून जाग आली आणि घर शांत असलं की मी आधी दाराकडं बघते. त्याच्या चपला दिसल्या की मनात म्हणते, धन्यवाद प्रभू, तुझ्याकडं असो वा माझ्याकडं. मग हाक मारते. आणि गॅलरीतून आवाज येतो, "आहे गं, इथंच आहे."