मामांच्या खांद्याची पट्टी

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरना सगळे मामा म्हणतात. सख्खा भाचा मात्र एकही नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. खोलीत एकच खुर्ची, फळीवर दोन कप. त्यातला एक कायम उपडा. दिवसभर मोजकं बोलणं. पण कारखान्याच्या संघात व्हॉलीबॉलची सर्व्हिस अशी, की समोरचे चेंडूकडे नुसते बघत राहायचे.

मध्यंतरी त्यांचा खांदा दुखावला. मी प्रथमोपचाराचा कोर्स केलेला, म्हणजे कारखान्याच्या हिशेबी अर्धा डॉक्टर. सरावाआधी मामा शर्ट काढून बाकावर बसायचे आणि मी चिकटपट्टी लावायचो. दंडावरून खांद्यावर, तिथून मागे पाठीपर्यंत. ही पट्टी आपली आपल्याला लावता येत नाही, दुसऱ्याचे हात लागतातच. तेवढ्या वेळात मामा चक्क गप्पा मारायचे. नळ गळतोय, शेजारी खोली सोडून गेला, भाजीत मीठ दोनदा पडलं.

"घट्ट बांध रे."

"मामा, पार्सल करायचंय का तुमचं?"

"कर. पण पत्ता कुणाचा घालशील?"

मी आणखी एक पट्टी फाडली.

खांदा बरा झाला, तरी मामा सरावाआधी बाकावर हजर; पट्टी काही सुटेना. इतकी घट्ट, की हात धड कानापर्यंत जाईना. सर्व्हिस एकामागून एक जाळ्यात. आमचा कप्तान वेल्डर. त्याचं बोलणंही ठिणग्या उडवणारं.

"मामा, दुखतंय का अजून?"

"दुखत असं नाही..."

"मग उद्याच्या सामन्याला पट्टी नको. नाहीतर खुशाल बाकावर बसा, पोरं खेळतील."

मामा बराच वेळ चेंडूची शिवण चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते जर्सी घालूनच आले. माझ्या पट्ट्यांच्या डब्याकडे बघितलंही नाही. त्यांचा हात उंच, मोकळा गेला आणि चेंडू जाळ्यावरून असा सुटला, की समोरचे पुन्हा नुसते बघत राहिले. आम्ही जिंकलो. पोरांनी मामांना उचललं, खाली ठेवलं आणि चहाला पळाली.

मी डबा आवरत होतो. मामा हळूच येऊन बाकावर बसले, पँट वर सरकवली.

"गुडघा जरा कुरकुरतोय."

"कुठला?"

त्यांनी दोन्ही गुडघ्यांकडे पाहून विचार केला. "उजवाच धर."

मी डब्यातून पट्टी काढली. "सैल लावतो हं. चालता आलं पाहिजे."

"लाव की. हां, तर त्या नळाचं काय झालं..."