नाथाजीला पुढं गाडी लागे

औंधजवळच्या वाडीतला नाथाजी लढाई संपल्यावर घरी आला तो छातीवर बिल्ले आणि खिशात ड्रायव्हरीचा कागद घेऊन. वाडीला एवढं पुरे होतं. ज्यानं वाळवंटात आणि इटलीत गाड्या हाकल्या, त्याला सांगली-पुणे म्हणजे घरापासून विहिरीपर्यंतची वाट! सांगलीचे हळदीचे व्यापारी अण्णाप्पा यांनाही तसंच वाटलं. त्यांनी मिलिटरीच्या लिलावात एक ट्रक घेतला होता. त्यावर हळदीची पोती लादली आणि गाडी नाथाजीच्या हवाली केली.

आणि नाथाजी मात्र घाबरत होता. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. लढाईवरून आलेला गडी रस्त्याला भितो म्हटल्यावर पोरंटोरंसुद्धा फिदीफिदी हसली असती. बायको शालूबाई तर पाणवठ्यावर त्याच्या ड्रायव्हरीच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगे, की ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं त्याला वाटे.

तिकडं गाड्या रांगेनं जात. वाटेत सुरुंग पेरलेले, म्हणून हुकूम असा, की पुढच्या गाडीच्या चाकांच्या खुणांवरूनच चाक न्यायचं, बोटभरही बाहेर काढायचं नाही. अंधारात मोठे दिवे बंद. प्रत्येक गाडीच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो पांढरा रंगवलेला असे आणि त्याच्यावर एक बारीकसा दिवा मिणमिणे. तो पांढरा गोळा नजरेत धरून मागच्यानं यायचं. नाथाजीनं लढाईभर तेच केलं. सगळ्यांत पुढं असायचा त्याच्याच मुलखातला मानसिंग. एके सकाळी मानसिंगची गाडी उडाली. मागचे सगळे वाचले. तेव्हापासून पुढं मोकळा रस्ता दिसला, की नाथाजीचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

मग त्यानं एक युक्ती काढली. साताऱ्यापर्यंत पुढं कुणी ना कुणी असेच; तिथून पुढं जायला नाक्यावर चहा पीत बसायचं आणि पुण्याकडं जाणारी गाडी दिसली, की बशीतला चहा तसाच टाकून तिच्या मागं लागायचं. त्याचा क्लीनर जोतीराम वयानं मोठा, निम्मा जन्म याच रस्त्यानं बैलगाडी हाकलेला. त्याला वाटे, ही मिलिटरीची काहीतरी रीत असेल.

एकदा अशीच एक गाडी धरून नाथाजी निघाला. सुरूरला ती डावीकडं वळली. नाथाजीही वळला. जोतीरामचा डोळा लागला होता. तो जागा होऊन बघतो तर समोर कृष्णेचा घाट.

"आरं नाथाजी, ही वाई न्हवं का? येवडी हळद काय गणपतीला वाहायची हाय?"

नाथाजीला एकदम रडूच फुटलं. तिथंच घाटाच्या पायरीवर बसून त्यानं मानसिंगपासून सगळं सांगितलं. जोतीराम एरवी कुणाची खोडी काढायला कधी चुकत नसे, पण त्या दिवशी तो हसला नाही.

हळद मात्र पुण्याच्या सौद्याला चुकली. अण्णाप्पा भला माणूस, पण शेवटी व्यापारी. "वाटंत कुठंबी थांबायचं न्हाई," ते म्हणाले. "आता एकदा माल चुकला, तर गाडी दुसऱ्याच्या हातात दीन मी." नाथाजीला गाडी हाकण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. शेत भावांनी कधीच वाटून सांभाळलं होतं आणि तिथं त्याची कुणाला गरज नव्हती.

पुढच्या खेपेला साताऱ्याच्या नाक्यावर न थांबताच तो निघाला. थंडीचे दिवस, उजाडलं तरी धुकं हटेना. पुढं गाडी नाही, चाकांच्या खुणा नाहीत. जोतीराम घोंगडं पांघरून, काचेला नाक लावून "चल, चल" म्हणत होता. गाडी बैलगाडीच्या चालीनं कशीबशी खंबाटकीच्या पायथ्याला आली. तिथून रस्ता वर चढून धुक्यात गडप झाला होता. नाथाजीचा पाय ब्रेकवर गेला आणि त्यानं इंजिनच बंद केलं.

"माज्यानं न्हाई व्हायचं, तात्या. दुसरा गडी बगा म्हनावं अण्णास्नी," तो जोतीरामला म्हणाला.

तोच मागून पावलं वाजली. खाकी कोट घातलेला एक तरणा गडी खिडकीशी आला. कराडकडचा ट्रक ड्रायव्हर, नाव अर्जुना.

"काय वो, गाडी बिगाडली का?"

"तू कुठनं आलास?" नाथाजी दचकला.

"साताऱ्यापसनं तुमच्या मागंच हाय की! या रस्त्याला पयल्यांदाच आलोय, लय भ्या वाटत हुतं. मीबी मिलिटरीतलाच. तुमच्या गाडीचा पांढरा गोळा दिसला आन जीव भांड्यात पडला. त्योच धरून आलो बगा."

नाथाजी खाली उतरला आणि मागं जाऊन वाकला. चिखलाच्या शिंतोड्यांतून दिसणारा, पोपडे सुटलेला, पण मिलिटरीचा पांढरा रंग होता खरा. गाडीखाली जायचं काम जोतीरामचं, त्यामुळे नाथाजीला तो कधी दिसलाच नव्हता. तो तिथंच उकिडवा बसून राहिला. साताऱ्यापासून इथवर तो एकटा नव्हताच. रांगेत तो पहिला होता आणि त्याच्या मागचा सुखरूप होता. असेच आपणही मानसिंगच्या मागून निर्धास्त येत होतो, हे त्याला आठवलं. आपल्या पुढच्यालाही भीती वाटत असेल, हे तेव्हा कधी मनात आलं नव्हतं.

भीती गेली नाही. पण आता थांबायला तोंड नव्हतं.

"जवळनं ये," तो अर्जुनाला म्हणाला. "मला थांबायचं झालं तर हात भाईर काढीन."

चढावर एकदोनदा गाडी धापा टाकू लागली, तेव्हा जोतीराम चाकाला लावायचा ठोकळा घेऊन उडी मारायच्या तयारीत बसला. नाथाजीचा शर्ट घामानं भिजला, पण त्यानं हात एकदाही बाहेर काढला नाही. माथ्यावर ऊन लागलं. उतरून खंडाळ्याला तिघं चहाला थांबले. चहा संपवून अर्जुना म्हणाला, "आता धुकं न्हाई. मी फुडं व्हतो, तुमी निवांत मागनं या."

इतके महिने नाथाजी याच बोलण्याची वाट बघत नाक्यावर बसत आला होता. त्यानं कपबशी खाली ठेवली.

"नगं गड्या. तू मागंच ऱ्हा."

हळद सौद्याला पोचली. पुढं म्हातारपणापर्यंत नाथाजीनं गाडी सोडली नाही. दसऱ्याला सगळे ड्रायव्हर गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार घालत. नाथाजी आधी चुन्याचं भांडं घेऊन गाडीखाली सरपटत जाई आणि तो गोळा पांढरा करी. कुणी हसलं तर म्हणे, "मागनं कोन येतंय, आपल्याला ठावं नसतंय."