पुन्हा विहिरीपासून

सालेकसाहून तो सोमवारी गोंदियाच्या माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात यायचा, तेव्हा कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळलेला असे. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं. एकटाच राहायचा आणि एकच खेळ खेळायचा, आधी विहीर खोदून मग भोवती गाव वसवण्याचा. जुनी सीडी घासून गेली, म्हणून त्याच खेळाची नव्याने निघालेली आवृत्ती मीच त्याला मागवून दिली. ती टाकताना दर वेळी इंटरनेटवरून कंपनीची परवानगी लागे आणि परवानगी तीनदाच मिळे. खोक्यावरची ही बारीक अक्षरांतली अट मी वाचलीच नाही.

मशीन अडलं की मी बिघाड न शोधता सरळ फॉरमॅट मारायचो. त्यात त्याचं गाव पुसलं जाई आणि खेळ पुन्हा टाकावा लागे. तो हसायचा. "काई नाई जी, पुन्ना इहिरीपासून सुरू करीन."

चौथ्यांदा खेळ टाकताना कंपनीने परवानगी नाकारली. मी म्हणालो, "थांबा जी, चोरीची कॉपी टाकून देतो."

"खेळ इकत घेतलो नं जी मी? मंग चोरून कायले खेळू?" तो चादरीची गाठ बांधू लागला. "तुमची काय चुकी?"

त्या शेवटच्या वेळी आतली एक वायर फक्त सैल झाली होती. फॉरमॅट मारूनही मशीन अडलं, तेव्हा मला ती दिसली. ती घट्ट बसवून मी झाकण लावलं.

अजूनही सोमवारी तो येतो, रिकाम्या हातांनी. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत स्टुलावर बसतो. मी दर वेळी त्या वायरीचं सांगायचं ठरवतो आणि चहा मागवतो.